ग्रेडियंटमध्ये पट्टे पडतात? मशीनला दोष देण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं सांगतो. तुमच्याकडे यातलं नेमकं काय दिसतंय ते ओळखलं, तर निम्मा शोध तिथेच संपतो.

- रंग सलग उतरायला हवा, तर तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. गडद निळ्या, जांभळ्या, काळपट भागात हे सगळ्यात जास्त दिसतं.
- दोन्ही टोकांचे रंग छान, पण मधला भाग मळकट.
- रंग वाढत वाढत जातो आणि एका रेघेवर एकदम भलताच होतो.
- अख्खी इमेज एकाच रंगाची येते, उतार नाहीच.
- लाल मागितला तिथे निळा.
- झूम केल्यावर छोटे चौकोन दिसतात.
- स्क्रीनवर सगळं ठीक, फ्लेक्सवर मात्र आडवे पट्टे.

मी नाशिकला सातपूर भागात डिझाइनचं काम करतो. स्टेजमागचे पडदे, द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं, दुकानांचे बोर्ड, असं सगळं. पार्श्वभूमीचे ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्या रंगात सलग जाणारे उतार, मी हाताने ओढत नाही, पायथनच्या छोट्या प्रोग्रॅमने काढतो. एकच आकाश वीस मापांत लागतं आणि प्रत्येक वेळी तोच उतार यायला हवा. त्यामुळे पट्ट्यांची ही तक्रार माझ्या स्वतःच्या कामात आली, नंतर ओळखीच्या फ्लेक्सवाल्यांकडून येत गेली, आणि आता डिझाइन शिकणारी मुलंही तीच घेऊन येतात. खालचा क्रम स्वस्तातून महागाकडे जाणारा आहे. तो मोडू नका, कारण शेवटच्या तपासण्यांमध्ये मीडिया (ज्यावर छापतो तो फ्लेक्स), शाई आणि पैसे जातात, तर पहिल्या तपासण्यांना फक्त पाच मिनिटं लागतात.

दुसऱ्या स्क्रीनवर पाहा

इमेज १०० टक्क्यांवर उघडा. कमी-जास्त झूमवर पाहण्याचं सॉफ्टवेअर स्वतःच पिक्सेल गाळतं किंवा वाढवतं, आणि नसलेले पट्टे दाखवतं. मग तीच फाइल दुसऱ्या स्क्रीनवर उघडा, चांगल्या मोबाइलवरसुद्धा चालेल. स्वस्त लॅपटॉपच्या बऱ्याच पॅनेलना प्रत्येक रंगाच्या फक्त ६४ पातळ्या खऱ्या दाखवता येतात. मधल्या पातळ्या ते भराभर लुकलुकून भासवतात. अशा स्क्रीनवर निर्दोष फाइलही पट्टेदार दिसते. एका स्क्रीनवर पट्टे आणि दुसरीवर नाहीत, तर फाइलला हात लावू नका.

रंग मोजा

ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच लोक सोडून देतात. कोणत्याही इमेज एडिटरमधला कलर पिकर घ्या. एका पट्ट्यावर ठेवा, तो दाखवतो ते लाल, हिरवा, निळा यांचे आकडे लिहून घ्या. शेजारच्या पट्ट्यावर ठेवा, ते आकडेही लिहा.

माझ्या एका रात्रीच्या आकाशात एका पट्ट्यावर २३, २९, ६५ होते आणि शेजारच्यावर २३, २९, ६६. फरक फक्त निळ्यात, तोही एकचाच. म्हणजे प्रोग्रॅमचं गणित बरोबर होतं, वाटेत काही बिघडलं नव्हतं. फाइल तिच्या मर्यादेला टेकली होती, इतकंच. रुंद पट्ट्यांमध्ये असा एकचा फरक दिसला तर सरळ पातळ्यांच्या हिशेबाकडे जा.

पट्टे रुंद असूनही शेजारच्या पट्ट्यांत तीन, चार, सहाचा फरक दिसला, तर मात्र मधल्या पातळ्या कुठेतरी हरवल्या आहेत. ती जागा आधी फाइलच्या प्रवासात शोधायची, मग प्रोग्रॅममध्ये.

फाइल कुठल्या वाटेने आली?

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केली जाते. तीच डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोचते. हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळे विसरतात.

जीआयएफ असेल तर विषय तिथेच संपतो, त्याच्या एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून काम करतं, म्हणून जास्त दाबलं की उतारावर चौकड्या उमटतात. पायथनच्या पिलो लायब्ररीत जेपीईजीची क्वालिटी सांगितली नाही, तर ती ७५ धरली जाते. फोटोला तेवढी चालते, ग्रेडियंटला नाही. ग्रेडियंट पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा. समोरचा जेपीईजीच मागत असेल तर क्वालिटी ९५ ठेवा आणि रंगाची काटछाट, म्हणजे सबसँपलिंग, बंद करा.

पातळ्यांचा हिशेब

"अहो, कॉम्प्युटरला कोट्यवधी रंग येतात, मग दोन रंगांच्या मध्ये कमी कसे पडतील?" हा प्रश्न मला दर वेळी ऐकायला मिळतो, आणि प्रश्न रास्त आहे. साध्या आठ बिटच्या इमेजमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ पातळ्या असतात. सगळ्या मिळून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग. पण तुमच्या उताराला त्यातले किती मिळतात, हे दोन टोकांवर ठरतं.

एका गणेशोत्सवात एका मंडळाच्या स्टेजमागे आठ फूट उंचीचा पडदा होता. गोदाघाटावरची संध्याकाळ, वरचं आकाश गडद निळं. वरचा रंग १८, २४, ५८. खालचा ४६, ५२, ९८. लाल आणि हिरव्यात फरक प्रत्येकी २८, निळ्यात ४०. आठ फूट म्हणजे ९६ इंच, ७२ डीपीआयला, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल धरून, ६,९१२ पिक्सेल. त्या एवढ्या उंचीत निळ्याला फक्त ४० वेळा बदलता येतं. ६,९१२ भागिले ४०, म्हणजे निळ्याचा एकेक पट्टा सुमारे १७३ पिक्सेल, साधारण २.४ इंच. लाल-हिरव्याचे पट्टे त्याहून रुंद, साडेतीन इंचांच्या आसपास. एवढे रुंद पट्टे मांडवाच्या दारातूनही दिसतात, आणि ते दिसले. फ्लेक्सवाल्याने बिचाऱ्याने हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, साफ केलं, पास (हेडच्या फेऱ्या) वाढवून पुन्हा छापलं, दोन पडद्यांचा मीडिया वाया गेला. मशीन पूर्ण चांगलं होतं. कलर पिकर लावला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

रिझोल्यूशन वाढवून हे सुटत नाही. ७२ चं १४४ डीपीआय केलं की पट्टा १७३ ऐवजी ३४६ पिक्सेलचा होतो आणि कागदावर तेवढाच, २.४ इंचच राहतो. पिक्सेल वाढले, पातळ्या ४० च राहिल्या. हा गैरसमज इतका पक्का आहे की लोक तासन्‌तास मोठ्या फाइल बनवत बसतात आणि पट्टे जसेच्या तसे राहतात.

एकाच पातळीचा फरक डोळ्याला दिसतो तरी कसा? डोळा कडा वाढवून दाखवतो. दोन सपाट छटा एकमेकींना चिकटल्या की सीमेजवळ फिकट बाजू जास्त फिकट आणि गडद बाजू जास्त गडद भासते. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये हे मांडलं, त्या पट्ट्यांना आजही त्याचंच नाव आहे. पट्ट्याची सीमा बोटाने झाकून पाहा, दोन्ही बाजू सारख्याच वाटायला लागतात.

नाशिककराला इथे आणखी एक प्रश्न पडतो. नाशिकरोडला १९२८ पासून करन्सी नोट प्रेस आहे, नोटा आपल्या गावात छापल्या जातात. नोटेच्या पार्श्वभूमीचा रंग बदलत जातो, तिथे अशा पायऱ्या का दिसत नाहीत? सुरक्षा छपाईत एकाच रोलरवर दोन शाया शेजारी शेजारी सोडतात आणि मध्ये त्या खरोखर एकमेकींत मिसळतात. शाईला पातळ्या नसतात. आपल्या फाइलमध्ये मात्र रंग म्हणजे पूर्णांक आहे, ६५ नंतर थेट ६६.

प्रोग्रॅममधल्या नेहमीच्या चुका

अख्खी इमेज एका रंगाची आली तर भागाकार पाहा. पिक्सेलचा क्रमांक भागिले रुंदी हे उत्तर शून्य ते एकच्या मधलं दशांश हवं. सी किंवा जावामध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच देतो, म्हणजे जवळजवळ सगळीकडे शून्य. पायथन ३ मध्ये एका तिरप्या रेघेचा भागाकार दशांश देतो, दोन तिरप्या रेघांचा पूर्णांक. एक रेघ जास्त पडली की उतार गायब.

एका रेघेवर रंग एकदम उलटला, तर आठ बिटची भांडी भरून वाहिली आहेत. नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी; तिच्या आठ बिटच्या ॲरेमध्ये, म्हणजे आकड्यांच्या यादीत, २५० अधिक १० केलं की २६० येत नाही, ४ येतं. २५५ नंतर पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू. म्हणून सगळं गणित दशांशात करायचं, आणि आठ बिटमध्ये उतरवायचं ते अगदी शेवटी, एकदाच.

या "एकदाच"ला फार महत्त्व आहे. पार्श्वभूमीवर एक पारदर्शक थर, त्यावर दुसरा, मग कडांना काळोख, असं करताना प्रत्येक वेळी आठ बिटमध्ये साठवलं तर प्रत्येक वेळी थोडं थोडं गणित तुटतं. तीन-चार थरांनंतर पातळ्यांमध्ये खिंडारं पडतात. मघाशी म्हटलेला तीन-चारचा फरक बहुतेक वेळा इथून येतो. छोटा ग्रेडियंट बनवून नंतर ताणून मोठा करणं हाही त्यातलाच प्रकार.

आठ बिटमध्ये उतरवताना राउंड करा. नमपायमधलं नुसतं रूपांतर दशांश भाग तोडून टाकतं, १०० पूर्णांक ९ चंही १०० होतं. त्यामुळे सगळा उतार किंचित गडद होतो आणि चढत्या उतारात शेवटचा रंग जेमतेम एका पिक्सेलपुरता येतो. रुंदीने भागण्याऐवजी रुंदी वजा एकने भागा, नाहीतर उतार शेवटच्या रंगापर्यंत नेमका पोचत नाही.

लाल-निळ्याची अदलाबदल झाली असेल तर ओपनसीव्ही वापरताय का ते पाहा. ती लायब्ररी रंग निळा, हिरवा, लाल अशा क्रमाने धरते. क्रम उलटा करा, झालं.

मधला रंग मळकट येत असेल

सिंहस्थाच्या कामांमध्ये भगव्यातून निळ्यात जाणारा उतार हमखास मागतात. भगवा २५५, १५३, ५१ आणि निळा ० , ५१, १५३ घ्या. सरळ सरासरी काढली की मध्ये १२८, १०२, १०२ येतो, धुळीसारखा करडा.

याची दोन कारणं आहेत. पहिलं, फाइलमधले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. एसआरजीबी या पद्धतीत ते वाकवून साठवलेले असतात, म्हणून सरासरी काढण्याआधी ते सरळ करायचे आणि काढून झाल्यावर पुन्हा वाकवायचे. लालातून हिरव्यात जाताना सरळ सरासरीने मध्ये १२८, १२८, ० असा शेवाळी रंग येतो, तर प्रकाशाच्या हिशेबाने १८८, १८८, ० येतो, बराच उजळ. २०२० मध्ये ब्योर्न ओटोसन यांनी मांडलेली ओकेलॅब ही पद्धतही चांगली आहे. तिच्यात उतार डोळ्याला एकसारखा वाटतो.

दुसरं कारण गणिताने जात नाही. भगवा आणि निळा हे रंगचक्रावर जवळजवळ समोरासमोर आहेत, त्यांच्यातली सरळ वाट करड्याजवळूनच जाते. माझा उपाय साधा आहे: मध्ये तिसरा रंग ठेवा. रामकुंडावर पहाटे उभं राहून पाहा. आकाश भगव्यातून निळ्यात थेट जात नाही, मध्ये फिकट पिवळा आणि गुलाबीसर पट्टा असतो. तो तिसरा रंग दिला की मळ जातो. आणि रंगचक्राच्या कोनावरून उतार काढत असाल, तर ३५० अंशांवरून १० अंशांवर जाताना छोटी वाट, २० अंशांची घ्या. नाहीतर प्रोग्रॅम उलटा फिरून मध्ये अख्खं इंद्रधनुष्य उमटवतो.

खरा इलाज: राउंड करण्याआधी थोडं नॉइज

पातळ्या कमी आहेत, हे बदलता येत नाही. पट्ट्यांची कडा मोडता येते, आणि तेवढं पुरतं.

येवल्याची धूपछाव पैठणी हातात घेऊन पाहा. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. जवळून दोन्ही धागे वेगळे दिसतात, हातभर लांब धरली की तिसराच रंग. डोळा सरासरी काढतो. डिदरिंग, म्हणजे नॉइज मिसळून कडा मोडायची युक्ती, नेमकं हेच करतं.

समजा एका जागी निळ्याची खरी किंमत ६५.३ आहे. नुसतं राउंड केलं तर त्या ओळीतले सगळे पिक्सेल ६५ होतात. त्याऐवजी प्रत्येक पिक्सेलमध्ये उणे अर्धा ते अधिक अर्धा यांच्यामधला एक यादृच्छिक आकडा, म्हणजेच नॉइज, मिळवा आणि मग राउंड करा. आता शंभरातले साधारण सत्तर पिक्सेल ६५ होतात आणि तीस ६६. सरासरी ६५.३ च राहिली आणि कडा विरघळली. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रं कमी बिटमध्ये पाठवण्यासाठी हीच युक्ती वापरली होती. प्रोग्रॅममध्ये ही एका ओळीची भर आहे.

करताना चार गोष्टी सांभाळा. लाल, हिरवा, निळा तिघांना वेगवेगळं नॉइज द्या. एकाऐवजी दोन यादृच्छिक आकड्यांची बेरीज घेतली तर दाणा सगळीकडे एकसारखा दिसतो, मी तसंच करतो. मात्र तेव्हा बेरीज २५५ च्या वर जाऊ शकते, म्हणून आठ बिटमध्ये उतरवण्याआधी किमती ० ते २५५ मध्ये बांधून घ्या, नाहीतर पांढऱ्या टोकाला रंगीत ठिपके उमटतात. आणि नॉइज सगळ्यात शेवटी, अंतिम मापावरच. आधी टाकून नंतर इमेज लहान केली तर दाणे सरासरीत विरून पट्टे परततात, मोठी केली तर दाण्यांचे डाग होतात.

पीएनजीचा आकार यामुळे खूप वाढेल. नॉइज दाबलं जात नाही, त्यामुळे काही केबींची फाइल काही एमबींची होते. घाबरू नका, आणि ती लहान करायला कमी क्वालिटीचं जेपीईजी तर मुळीच करू नका, ते आधी हे दाणेच पुसतं.

फाइल पुढे दुसरं कोणी एडिट करणार असेल तर १६ बिटची द्या, तिच्यात प्रत्येक रंगाच्या ६५,५३६ पातळ्या असतात. पिलोमध्ये रंगीत इमेज आठ बिटचीच असते, म्हणून तेवढ्यापुरतं ओपनसीव्ही घ्या.

आता मशीन

इथपर्यंत सगळं करूनही फ्लेक्सवर पट्टे आहेत, तरच इकडे या. एक फूट बाय एक फूट तुकडा छापा. तीच फाइल ९० अंशांत फिरवून दुसरा तुकडा छापा. चित्राबरोबर पट्टेही फिरले तर दोष फाइलचा. चित्र फिरलं आणि पट्टे हेड धावतं त्याच दिशेला, मीडियाच्या आडवे राहिले, तर दोष मशीनचा. दोन चौरस फुटांत भांडण मिटतं.

मशीनचा निघाला तर नोझल चेक, म्हणजे हेडमधली शाईची छिद्रं तपासणारा रेघांचा नमुना, छापा. तुटलेल्या रेघा म्हणजे नोझल बंद. रेघा पूर्ण असूनही ठरावीक अंतरावर गडद रेघ येत असेल तर मीडिया कमी सरकतोय, पांढरी रेघ येत असेल तर जास्त सरकतोय. मशीनच्या मेनूमधली नेहमीची सफाई आणि फीडची, म्हणजे मीडिया सरकण्याची, जुळणी चालवणाऱ्याने करावी. पास वाढवून पाहावेत.

इथे थांबा

दोनदा सफाई करूनही नोझल उघडले नाहीत तर टेक्निशियनला बोलवा. हेड काढू नका, सुई-पिनने टोचू नका, कुठलंही सॉल्व्हंट अंदाजाने ओतू नका. हेड हा मशीनचा सगळ्यात महागड्या भागांपैकी एक आहे, आणि असं टोचून ते कायमचं गेलेलं मी पाहिलंय.

उताराचा एक अर्धा भाग छान आणि दुसरा सपाट, विशेषतः झगझगीत निळा किंवा जांभळा, तर ते रंग छपाईच्या चार शायांमध्ये बसत नाहीत. थोडा मवाळ निळा घेऊन पाहा. तो चालत नसेल, किंवा द्राक्षाच्या लेबलसारखं काम असेल जिथे हजारो पेट्यांवर एकच छटा हवी, तर कलर प्रोफाइलचा खेळ स्वतः करू नका. प्रेसच्या प्री-प्रेसवाल्याकडे, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करणाऱ्याकडे, जा आणि मशीनवर काढलेला नमुना पाहूनच होकार द्या.

सगळ्या प्रोग्रॅममध्ये, सगळ्या इमेजवर पट्टे दिसतात आणि दुसरी केबल लावूनही जात नाहीत, तर डिस्प्ले सर्व्हिस सेंटरला दाखवा.

कोणाकडेही जाताना मूळ पीएनजी, दोन्ही टोकांचे आकडे, फिरवलेले दोन तुकडे आणि नोझल चेकचा कागद बरोबर न्या. त्या चार गोष्टी टेबलावर ठेवल्या की समोरचा माणूस अंदाज न बांधता थेट कामाला लागतो.